स्लॅश ए वाल्या बाई

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर होते आणि माउस एकही नव्हता. म्हणजे शाळेने विकत घेतले होते, पण ते सगळे बाईंच्या टेबलाच्या खालच्या खणात, वायरी गुंडाळून, कुलपात. नव्या मुलांना पहिल्या दिवशी वाटायचं की लॅबमध्ये चोरी झाली. बाई सांगायच्या, "सहामाहीपर्यंत माउस मिळणार नाही. काय करायचंय ते आधी शब्दांत सांगायला शिका. ते जमलं की मग बोटाने दाखवा." एकदा एक पालक भांडायला आले. "मॅडम, बच्चा घर पे सब चलाता है, यहाँ आके पीछे जा रहा है." बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "आपके बेटे ने कल इसमें एक फाइल बनाई है. ढूँढ दीजिए." पालकांनी पंधरा मिनिटं घाम गाळला. मग मुलाला बोलावलं. त्याने हुकूम लिहायचा काळा पडदा उघडून एक ओळ टाइप केली आणि फाइल समोर आली. पुढच्या पालकसभेला तेच पालक बाईंची स्तुती करत फिरले.

मी त्या शाळेचा क्लार्क. तेवीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलो, त्यामुळे शाळेतल्या कुणाविषयीही बोलायचा मला हक्क आहे असं मी समजतो. शाळा यमुनेपलीकडे, एका अरुंद गल्लीच्या टोकाला. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीत आलेल्या मराठी घरांतली मुलं आमच्याकडे यायची, अजून येतात, पूर्वीइतकी नाहीत. फाटकाच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. बाई मूळच्या अमरावतीच्या. यजमान इथल्या एका मंत्रालयात लागले म्हणून इकडे आल्या आणि इकडच्याच झाल्या. उंची बेताची, आवाज खणखणीत, चालणं असं की समोरच्याने आपण होऊन बाजूला व्हावं. मला त्या 'भाऊ' म्हणायच्या. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, पण 'अहो भाऊ'.

शनिवार हा बाईंचा डिफ्रॅगचा दिवस. त्या दिवशी मुलांना कॉम्प्युटरचा तास नसे. सकाळी नऊला त्या आधी माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरपाशी यायच्या, "उठा भाऊ," म्हणायच्या आणि मी माझ्याच खुर्चीवरून उठायचो. ऑफिसचं झालं की वर लॅबमध्ये जाऊन बाराच्या बारा मशिनी एकामागून एक. हे सगळं काळ्या पडद्यावर, हुकूम टाइप करून. आणि टाइप करताना त्या तो हुकूम मोठ्याने म्हणायच्या. "डिफ्रॅग, डी कोलन, स्लॅश ए." शिपाई, माळी, मधल्या सुट्टीत वह्या तपासायला बसलेल्या संस्कृतच्या बाई, सगळ्यांना हा हुकूम पाठ झाला होता.

मला हे प्रकरण समजायला दोन वर्षं लागली. शेवटी बाईंनी ते मेट्रोवर आणून समजावलं. "भाऊ, राजीव चौकात एक वऱ्हाड मेट्रोत चढतं. चाळीस माणसं. एका डब्यात जागा नाही, म्हणून जिथे मिळेल तिथे घुसतात. आठ डब्यांत चाळीस माणसं. आता उतरताना नवऱ्याच्या मामाला शोधा. तसं कॉम्प्युटरमधल्या या फिरत्या तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, फाइलीचं होतं. जागा मिळेल तिथे तुकडा. मग ती फाइल मागितली की बिचारी वाचणारी सुई डब्याडब्यांत पळते. डिफ्रॅग म्हणजे सगळ्या वऱ्हाडाला एका डब्यात आणून ओळीने बसवायचं." मी विचारलं, "आणि स्लॅश ए?" तर म्हणाल्या, "स्लॅश ए म्हणजे नुसतं बघायचं. कोण कुठे बसलंय ते. हात कुणाला लावायचा नाही. आधी बघायचं, मग हलवायचं. लोक उलटं करतात आणि मग रडतात."

बघून झालं की किती टक्के विस्कटलंय तो आकडा त्या एका जाड रजिस्टरमध्ये लिहायच्या. तारीख, मशीन क्रमांक, आधीचे टक्के, नंतरचे टक्के, आणि शेवटचा रकाना शेरा. हे शेरे मी चोरून वाचायचो. 'प्रगती समाधानकारक.' 'हट्टी आहे पण मनाने चांगला.' सात नंबरच्या मशिनीपुढे एकदा लिहिलं होतं, 'संगत वाईट. पेन ड्राइव्ह कुणाकुणाचे लागतात पाहावे.' माझ्या ऑफिसच्या मशिनीपुढे बहुतेक वेळा एकच शेरा असे: 'पसारा करण्याची सवय कायम.' तो मशीनबद्दल होता की माझ्याबद्दल हे मी कधी विचारलं नाही.

डिफ्रॅग चालू असताना मशीनला कुणी बोट लावायचं नाही, आणि बाईंना नुसतं बसवत नसे. त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत शनिवारची भाजी असायची. हिवाळ्यात मटार किंवा मेथी, उन्हाळ्यात चवळीच्या शेंगा, पावसाळ्यात गवार. एक डोळा टक्क्यांवर ठेवून त्या भाजी निवडायच्या. थंडीच्या दिवसांत लॅबमध्ये हिरव्या मटारांचा असा वास भरलेला असायचा की सोमवारी मुलं आत शिरताना नाकाने हुंगायची. एकदा एक तपासणी अधिकारी नेमके शनिवारी आले. पाहतात तर शिक्षिका स्टुलावर, मांडीवर मटारांचं ताट, आणि समोर बारा पडद्यांवर आकडे सरकताहेत. म्हणाले, "ये क्या हो रहा है?" बाई न उठता म्हणाल्या, "काम." अधिकाऱ्यांनी दोन शेंगा उचलून खाल्ल्या आणि अहवालात लॅब उत्तम असल्याचं लिहून टाकलं.

आमच्या सचिवांना मात्र हे सगळं खटकायचं. व्यवस्थापन समितीचे सचिव म्हणजे निवृत्त अधिकारी. हाताखाली माणसं नसली की त्यांना करमत नसे. ते म्हणाले, "बाई, हे काम आजकाल कॉम्प्युटर आपोआप करतो. माझ्या नातवाने सांगितलं. तुम्ही दर शनिवारी चार तास वाया घालवता." खरं तर त्यांचं चूक नव्हतं. आपोआप होण्याची सोय होती, आणि बाईंनी ती सगळ्या मशिनींवर बंद करून ठेवली होती. बाई म्हणाल्या, "तो आपोआप कधी करतो, अर्धवट सोडतो की पुरं करतो, मला माहीत नाही. आपल्या मशिनी दुपारी दोनला बंद होतात आणि त्याला जाग येते तेव्हा शाळेत वीजच नसते. मी पाहिलेलं नाही ते काम झालं म्हणून मी लिहीत नसते." सचिवांनी नातवाचा दाखला आणखी दोनदा दिला आणि मग ते थकले.

बाई आंधळेपणाने मात्र काही करत नसत. एका वर्षी मुख्याध्यापकांसाठी नवा कॉम्प्युटर आला. बाई रजेवर होत्या, म्हणून मी उत्साहाने त्यांचाच हुकूम त्यांच्याच आवाजात म्हणत तिथे टाइप करायला बसलो. सोमवारी त्यांना ही बहादुरी सांगितली, तर कपाळाला हात. "भाऊ, त्यात फिरती तबकडी नाही. ती चिप आहे. तिला जवळचा तुकडा आणि लांबचा तुकडा सारखाच. उगाच सामान इकडून तिकडे करून तिला झिजवू नका. तिला फक्त स्लॅश एल. रिकाम्या झालेल्या खोल्या कुठल्या, एवढं तिला सांगायचं आणि गप्प बसायचं." मग त्यांनी त्या कॉम्प्युटरवर पांढरी पट्टी चिकटवली आणि त्यावर लिहिलं, 'यास हलवू नये.' मुख्याध्यापक वर्षभर तो कॉम्प्युटर टेबलावर इंचभरही न सरकवता त्याच्या बाजूने झाडून घेत होते.

लॅबच्या बाहेरही बाई अशाच. दरवर्षी मुलांची सहल पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जायची. दोन बसगाड्या, नव्वद मुलं. स्मारकापाशी पोचलं की मुलं चौफेर उधळायची आणि आम्ही मोठी माणसं त्यांच्यामागे ओरडत पळायचो. बाई पायरीवर उभ्या राहून नुसत्या बघायच्या. मी चिडून म्हटलं, "बाई, ओरडा की." म्हणाल्या, "थांबा, कोण कुठे आहे ते बघतेय." पाच मिनिटांनी त्यांनी मोजून चार मुलांची नावं घेतली, आणि त्या चार पोरांच्या मागे अख्खी नव्वद मुलं आपोआप येऊन रांगेत बसली. त्या चौघांच्याच मागे सगळे पळत होते, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. ती माझ्या चुकीची आहे, त्यामुळे मी ती कुणाला सांगत नसे. पण बाई निवृत्त झाल्यापासून मीच ती सगळ्यांना सांगत फिरतो.

शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं, म्हणजे कुठला विद्यार्थी कधी दाखल झाला, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, गाव, कधी शाळा सोडली, याची हातांनी लिहिलेली मोठी बाडं, माझ्या ताब्यात होती. त्यांना वाळवी लागली. बाईंच्या आग्रहावरून आम्ही दोघांनी दोन उन्हाळे ती स्कॅन केली. मी रोज पंधरा-वीस पानं स्कॅन करून त्या त्या रजिस्टरच्या फाइलीला जोडायचो. रोज थोडं थोडं जोडल्यामुळे फाइली तबकडीभर विखुरायच्या, आणि शनिवारी बाई त्या गोळा करून ओळीने बसवायच्या. काम संपलं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात कोठीत पाणी शिरलं आणि मूळ रजिस्टरांचा लगदा झाला. राहिल्या त्या माझ्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमधल्या चौदा फाइली.

बाईंनी मला बजावलं होतं, "भाऊ, याची प्रत पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा." मी त्याच दिवशी काढली. वर चिठ्ठी लावली, 'बॅकअप, रजिस्टरे १ ते १४', आणि कपाटात टाकून किल्ली खिशात घातली. बाईंनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "बिल्कुल."

त्या सप्टेंबरमध्ये ऑफिसचा कॉम्प्युटर फार रखडायला लागला. आमच्या मशिनींची देखभाल करणारा एक मिस्त्री होता, नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून यायचा. तो एका शुक्रवारी आला आणि म्हणाला, "बाबूजी, पूरा साफ करके नया डालना पड़ेगा. बैकअप है?" बाई त्या दिवशी परीक्षेच्या ड्यूटीवर दुसऱ्या शाळेत होत्या. मी कपाटातला पेन ड्राइव्ह काढून त्याच्यापुढे नाचवला. त्याने सी साफ केला, डी साफ केला, नवं सगळं घातलं आणि तासाभरात निघून गेला. कॉम्प्युटर भुर्रकन चालायला लागला. मी खूश.

शनिवारी सकाळी पावणेनऊला एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, केंद्र सरकारच्या कुठल्याशा कार्यालयात असिस्टंट, आमच्याच शाळेचे माजी विद्यार्थी. त्यांचे वडील यवतमाळकडून नोकरीसाठी दिल्लीला आले होते आणि मुलाला आमच्या शाळेत घातलं होतं. आता त्यांच्या मुलीला वैद्यकीय प्रवेश मिळत होता. मुलगी लहानपणापासून नागपूरला मावशीकडे शिकलेली. जात पडताळणी समितीपुढे मंगळवारी सुनावणी होती आणि समितीने वडिलांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मागितला होता, म्हणजे रजिस्टरमधल्या त्या ओळीची साक्षांकित प्रत. ती नसेल तर जागा जाणार. "उद्या दुपारची गाडी आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे बाकी सगळं आहे हो. ही एक ओळ तेवढी पाहिजे."

मी म्हटलं, "बसा, पाच मिनिटांचं काम." पेन ड्राइव्ह लावला. चौदा फाइली दिसल्या. पहिलीवर टिचकी मारली, तर कॉम्प्युटर म्हणाला की ही वस्तू इथून हलवली आहे. दुसरीवर मारली, तेच. तिसरीवर मारली, तेच. मी प्रत काढली होती ती फाइलींची नव्हे. पडद्यावर मीच सोयीसाठी करून ठेवलेल्या शॉर्टकटची. चौदा दारांवरच्या पाट्या मी कपाटात जपून ठेवल्या होत्या, आणि घरं काल मिस्त्रीने माझ्याच देखत पाडली होती.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या मनात आलं की बोलायचंच नाही. गृहस्थांना सांगू, सर्व्हर डाउन आहे, सोमवारी या. तेवढ्यात दारात बाई. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर. "उठा भाऊ." मी उठलो. त्या बसल्या आणि नेहमीसारखं म्हणत टाइप केलं, "डिफ्रॅग, डी कोलन, स्लॅश ए." उत्तर आलं: विस्कटलेलं शून्य टक्के, जागा जवळजवळ सगळी रिकामी. बाईंनी चष्मा नाकावर सरकवला. रजिस्टरचं मागचं पान उघडलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पान पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, गेल्या शनिवारी इथे सामान होतं."

मी सगळं सांगून टाकलं. गृहस्थ ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "म्हणजे ती ओळ नाही?" आणि खुर्चीच्या काठाला धरून बसले.

मला वाटलं, बाई आता मला फाडून खातील. पण त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की मशीन बंद करून भिंतीतला प्लग उपसला. "आता याच्यावर कुणी एक अक्षर लिहायचं नाही. डिफ्रॅग तर नाहीच नाही. काहीही हलवलं तर जुन्या सामानावर नवं बसेल." मग मिस्त्रीला फोन. "भैया, डी वाला क्विक फॉरमॅट किया था या पूरा?" तिकडून उत्तर आलं, "क्विक किया था मैडम." बाईंनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. "चला, जीव आहे," त्या म्हणाल्या. गृहस्थांना समजावलं, "त्याने फक्त अनुक्रमणिका फाडली. पुस्तक बहुतेक जागेवर आहे. पण कुठलं पान कुठे, ते आता कुणाला ठाऊक नाही."

बाईंनी मशीन उघडून तबकडी काढली आणि लॅबमधल्या एक नंबरच्या मशीनला जोडली. हरवलेल्या फाइली शोधणारं एक साधन बाईंकडे होतं, तेही काळ्या पडद्यावर चालणारं. ते तबकडीच्या पहिल्या घरापासून शेवटपर्यंत सरकत जातं आणि ओळखीची सुरुवात दिसली की तिथून पुढचं उचलून दुसऱ्या तबकडीवर ठेवतं. साडेनऊला ते सुरू झालं. पडद्यावर लिहून आलं, साधारण पाच तास. त्या शनिवारी बाकीच्या मशिनींना कुणी हात लावला नाही.

ते पाच तास मी कसे काढले मलाच माहीत. सचिवांना बातमी लागली, ते धावत आले आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत बरंच काही बोलले. बाई म्हणाल्या, "सचिवसाहेब, ओरडायचं ते सोमवारी. आज खुर्ची घ्या नाहीतर बाहेर थांबा." सचिवांनी खुर्ची घेतली. बाईंची गवारीची पिशवी तशीच टेबलावर पडली होती, त्यांचं लक्षच नव्हतं. शेवटी त्या गृहस्थांनी ती ओढून घेतली आणि खाली मान घालून गवारीच्या शिरा काढायला लागले. एकेक शेंग मोडत सांगत होते, की त्यांच्या वडिलांना सही करता यायची नाही. मुलाला शाळेत घालायचं म्हणून महिनाभर रात्री ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून शिकले, आणि आयुष्यातली पहिली सही आमच्या रजिस्टरवर केली. मी ते ऐकून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. लाज वाटणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

बाराच्या सुमारास मिस्त्री आला. भला माणूस, आपणहून आलेला. पडद्याकडे पाहून त्याने हळूच बाईंना सांगितलं, "मैडम, उम्मीद कम रखिए. फॉरमॅट के बाद बड़ी फाइलें टुकड़ों में ही मिलती हैं. शुरू का हिस्सा आएगा, बाकी कचरा." बाई म्हणाल्या, "देखते हैं."

अडीच वाजता काम संपलं. शेकडो फाइली, नाव एकीलाही नाही, नुसते आकडे. बाई एकेक उघडायला लागल्या. आधी आले ते त्या आठवड्यात मी साठवलेले शाळेच्या कार्यक्रमाचे फोटो. प्रत्येक फोटो अर्धा. वर मुलांची डोकी आणि खाली करडी पट्टी. मिस्त्रीने मान हलवली. गृहस्थांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

मग एक मोठी फाइल आली. उघडली. पहिलं पान दिसलं, पिवळं, वाळवीने कुरतडलेल्या कडांचं. बाईंनी पान पुढे केलं. दुसरं. दहावं. शंभरावं. शेवटचं. एकही पान फाटलं नव्हतं. रजिस्टर तीन. पुढची मोठी फाइल, रजिस्टर नऊ, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मिस्त्री खुर्चीवरून उठला. "मैडम, ये साबुत कैसे? ऐसा होता नहीं है." बाईंनी शनिवारचं रजिस्टर त्याच्या हातात दिलं. त्याला मराठी कळत नव्हतं, पण आकडे कळत होते. दर शनिवारी डी ड्राइव्ह, आधी इतके टक्के, नंतर शून्य. सहा वर्षं. शेवटची नोंद सात दिवसांपूर्वीची. त्याने पानं चाळली आणि स्वतःशीच म्हणाला, "सब लाइन से रखा हुआ था." नेमकं तेच झालं होतं. जे शनिवारच्या आधीचं, ते वऱ्हाड एका डब्यात ओळीने बसलेलं सापडलं. जे मी शनिवारनंतर टाकलं, त्याच्या चिंध्या मिळाल्या.

चौदापैकी तेरा रजिस्टरं साबूत निघाली. एकाची शेवटची काही पानं नव्या अनुक्रमणिकेखाली कायमची गेली. गृहस्थांचं रजिस्टर सात नंबरचं. ते सर्वांत शेवटी उघडलं, कारण नावच नसल्यामुळे कुठलं कुठे ते कळायला मार्ग नव्हता. पान एकशे बारा, ओळ पाच. मुलाचं नाव, गाव, जन्मतारीख, जात, आणि उजव्या रकान्यात वडिलांची सही. अक्षरं एकमेकांपासून लांब लांब, शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलेलं. गृहस्थ पडद्याजवळ गेले आणि त्यांनी त्या सहीवर बोट ठेवलं. "हे बाबांचं," म्हणाले. सचिवांनी चष्मा काढून पुसला. बाई मात्र ताठ बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी त्यांना इतक्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. "भाऊ," त्या म्हणाल्या, "उतारा लिहायला घ्या. आणि आधी या चौदा फाइलींच्या तीन प्रती. मी समोर बसते, तुम्ही प्रत्येक प्रत उघडून दाखवा." मी दाखवल्या. बेचाळीस वेळा फाइल उघडली. रविवारी दुपारी गृहस्थ उतारा पाकिटात, पाकीट शर्टाच्या आत ठेवून नागपूरच्या गाडीत बसले.

मंगळवारी सुनावणी झाली. निकाल लगेच मिळाला नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. बाई रोज मधल्या सुट्टीत ऑफिसात डोकावून जायच्या. शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास माझा फोन वाजला. गृहस्थच होते, 'हॅलो' एवढंच म्हणाले. मग फोन मुलीने घेतला. मी ऑफिस उघडं टाकून जिना चढलो. तेव्हा माझा गुडघा दुखायचा, पण त्या दिवशी दुखल्याचं आठवत नाही. लॅबमध्ये सातवीचा वर्ग चालू होता. मी फोनचा स्पीकर चालू करून बाईंच्या टेबलावर ठेवला. सगळी मुलं टाइप करायची थांबली.

"बाई, मिळालं," मुलगी म्हणाली. "व्हॅलिडिटी मिळाली."

"कागद हातात आहे?"

"हो."

"मग वाच. नाव बरोबर आहे का बघ."

मुलीने वाचलं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, जात, आणि शेवटचं वाक्य, की हा दावा वैध ठरविण्यात येत आहे. बाई खुर्चीवर बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

तिने पुन्हा वाचलं. बाई हसायला लागल्या, रडता रडताच, आणि म्हणाल्या, "अजून एकदा. जरा मोठ्याने, मुलांना ऐकू दे."

मुलीने तिसऱ्यांदा वाचलं, आणि या वेळी शेवटचं वाक्य सातवीच्या अख्ख्या वर्गाने तिच्याबरोबर म्हटलं.